गाळ चाललाय कुठे, ते आधी सांगा

तळ्यातल्या गाळाचा नमुना लॅबला जातो. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येतो. निकेल आणि तांब्यापुढे ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असा शेरा, बाकी सगळं ठीक. मग एक जण म्हणतो, हा गाळ विषारी आहे, रानात टाकूच नका. दुसरा म्हणतो, आजोबांच्या काळापासून याच तळ्याचा गाळ टाकतोय, ज्वारी बघा कशी उभी आहे. दोघंही त्याच कागदावर बोट ठेवून बोलतात आणि कागद दोघांनाही उत्तर देत नाही. कारण गाळ जाणार कुठे, हे त्यावर लिहिलेलंच नसतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त घासूनपुसून पाहिला गेला तो समुद्रात. बंदराची खोली टिकवायची तर तळ उपसत राहावाच लागतो, आणि उपसलेला गाळ बार्जमधून किंवा हॉपरमधून (तळाचे दरवाजे उघडून गाळ सोडणाऱ्या जहाजातून) आणखी बाहेर नेऊन टाकायची जुनी पद्धत आहे. १९७२ च्या लंडन करारापासून या टाकण्याला शिस्त लागायला सुरुवात झाली. १९९६ चा प्रोटोकॉल २००६ मध्ये लागू झाला आणि त्याने नियम उलटा केला: समुद्रात काहीच टाकायचं नाही, फक्त यादीतल्या मोजक्या गोष्टी परवाना घेऊन टाकता येतील. त्या यादीत पहिलं नाव उपसलेल्या गाळाचं आहे. बहुतेक गाळ स्वच्छ असतो, तो पाण्याचाच असतो आणि त्याची जागा तेवढी बदलते. घोटाळा उरलेल्या गाळाचा असतो.

सोलापूरला समुद्र नाही. पण उन्हाळ्यात तळी आटली की पोकलेन उतरतात, हायवा लागतात, आणि २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे गाळ उचलून थेट शेतात पसरणं घरोघरी माहीत झालंय. समुद्रातल्या तपासणीची रीत इथे जशीच्या तशी लागू होत नाही, काही ठिकाणी तर उलटी लागू होते. तरी प्रश्नांचा क्रम तिथूनच घ्यावा. आधी गाळ काढायलाच हवा का आणि त्याचा दुसरा काही उपयोग होतो का, मग त्यात काय आहे, मग तो कुठे जाणार, तिथे काय घडेल असं आपल्याला वाटतं, आणि ते तसं घडलं की नाही हे कोण कधी बघणार. परवाना सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हायवा आधी ठरतो.

नमुना कुठून आणि किती

ईशान्य अटलांटिकच्या देशांनी नमुन्यांचा एक साधा हिशेब ठेवलाय. उपसा २५,००० घनमीटरपर्यंत असेल तर ३ जागा. २५,००० ते १ लाख घनमीटरला ४ ते ६. १ ते ५ लाखाला ७ ते १५. ५ ते २० लाखाला १६ ते ३०. आपल्या भाषेत सांगायचं तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ५०,००० घनमीटर म्हणजे साडेसतरा हजार ब्रासच्या आसपास. मध्यम तळ्याला एवढा गाळ सहज निघतो, आणि त्यासाठी चार ते सहा जागांचे नमुने हवेत. प्रत्यक्षात बांधावरून हात पोचेल तिथला एक डबा भरला जातो.

जागा निवडताना तळं वाचता आलं पाहिजे. नाला जिथे तळ्यात शिरतो तिथे पाण्याचा वेग पडतो, म्हणून रेती आणि भरड माल तिथेच बसतो. बारीक चिकण पुढे वाहत जाते आणि बांधाजवळच्या खोल भागात, सांडव्याच्या अलीकडे स्थिरावते. धातू आणि तेलकट प्रदूषक बारीक कणांनाच चिकटतात. एकाच तळ्यात नाल्याच्या मुखाशी जस्त किलोमागे ८० मिलिग्रॅम आणि बांधाजवळ २५० येऊ शकतं आणि दोन्ही आकडे खरे असतात. उजनीसारख्या मोठ्या जलाशयातही हेच गणित मोठ्या मापात चालतं. वरच्या टोकाला भरड, भिंतीकडे बारीक. शहरातल्या तळ्यात आणखी तीन जागा सोडू नयेत: सांडपाण्याचा नाला मिळतो ती, विसर्जनाच्या घाटाजवळची, आणि गाड्या धुतात ती.

खोलीचं तर सर्रास चुकतं. जबड्यासारखा मिटणारा ग्रॅब वरचा दहा-पंधरा सेंटिमीटर थर उचलतो. पोकलेन दोन मीटर काढणार असेल तर तो नमुना उरलेल्या पावणेदोन मीटरहून जास्त थराबद्दल काहीच सांगत नाही. पाणी असेल तर कोअर हवा, म्हणजे नळी खोल घुसवून काढलेला उभा नमुना. आटलेल्या तळ्यात जेसीबीने मूळ कठीण तळ लागेपर्यंत चर मारावा, फावड्याने त्याची एक भिंत दोन-तीन सेंटिमीटर खरवडून ताजी करावी आणि थर बघावेत. हे बघण्यासारखं असतं. वर एक-दोन सेंटिमीटर तपकिरी कवच, त्याखाली काजळीसारखा काळा थर, आणि त्याच्याही खाली राखाडी, घट्ट, जुना गाळ. काळ्या थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तर दोन गोष्टी एकदम होतात: फेस येतो, कारण आपल्या मातीत चुनखडी भरपूर, आणि सडक्या अंड्याचा वास येतो, कारण काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा असतो. तोच काळा ढेकूळ उघड्यावर ठेवा, काही तासांत कडेने तपकिरी व्हायला लागतो. पुढच्या निम्म्या गोष्टी या रंगबदलावर उभ्या आहेत.

प्रत्येक थराचा नमुना वेगळा. शेजारच्या दोन-तीन चरांतला एकाच थराचा माल एकत्र केला तर हरकत नाही, पण वरचा-खालचा एकत्र कालवला की वरचा खराब थर खालच्या स्वच्छ मालात विरघळून दिसेनासा होतो. आणि काम थरानुसारच करता येतं: वरचे तीस सेंटिमीटर वेगळे काढा, वेगळे ठेवा, बाकीचं बिनधास्त उचला.

उचलण्याची भांडी हा बारीक मुद्दा, पण त्यावरून रिपोर्ट फिरतो. धातूंसाठी प्लास्टिकचा चमचा आणि प्लास्टिकचा डबा. स्टीलच्या चमच्याने क्रोमियम आणि निकेलची भर पडते. तेल, कीटकनाशकं, डांबरी संयुगं यांसाठी काचेची बरणी आणि झाकणाच्या आत ॲल्युमिनियमचा कागद. बरणी काठोकाठ भरायची, हवा राहू द्यायची नाही, आणि ४ अंशाला अंधारात ठेवून पोचवायची. मे महिन्यात सोलापुरात गाडीच्या डिकीत चार तास पडलेला नमुना हा तळ्यातला गाळ राहिलेला नसतो.

निकेलपुढचा लाल शेरा

आता त्या सुरुवातीच्या कागदाकडे. गाळातल्या धातूंसाठी लोक हाताला लागेल ती मर्यादा लावतात. कुणी सागरी गाळाची अमेरिकी पट्टी लावतं: तांब्याला खालची पातळी ३४ आणि वरची २७०, निकेलला २०.९ आणि ५१.६, जस्ताला १५० आणि ४१०, शिशाला ४६.७ आणि २१८. हे सगळे किलोमागे मिलिग्रॅम. कुणी शहरी कंपोस्टची आपल्याकडची मर्यादा लावतं: तांबे ३००, निकेल ५०, क्रोमियम ५०, शिसे १००, जस्त १०००.

सागरी पट्टी बनली ती प्रयोगांतून आणि पाहणीतून. खालच्या पातळीच्या आत जलचरांवर परिणाम क्वचित दिसतो, वरच्या पातळीपलीकडे बऱ्याचदा दिसतो, एवढाच तिचा दावा. ती चाळणी आहे, निकाल नाही. खालच्या पातळीच्या आत असेल तर सोडून द्या, वरच्या पलीकडे असेल तर थांबा, मधलं असेल तर पुढच्या चाचण्या करा.

आणि चाळणी जिथे बनली तिथला खडक वेगळा होता. आपण बेसाल्टवर बसलोय. दख्खनच्या बेसाल्टात तांबे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर सहज जातं, निकेल ५० च्या आगेमागे किंवा त्याहून जास्त असतं, क्रोमियमही कमी नाही. तो खडक झिजून झालेली काळी माती हे सगळं बरोबर घेऊन येते. गावाच्या वरच्या अंगाला, जिथे कारखाना नाही की नाला नाही, अशा शिवारातली माती तपासली तरी ती निकेलला ‘नापास’ होऊ शकते. त्या न्यायाने सोलापूर जिल्ह्यातलं निम्मं रान बंद करावं लागेल! मुंबईच्या खाड्यांतला गाळही बऱ्याच अंशी याच खडकातून आलेला, म्हणून तिथेही हीच चूक होते.

उपाय जुना आणि सोपा आहे. धातूचा आकडा ॲल्युमिनियमने भागायचा. ॲल्युमिनियम चिकणमातीच्या खनिजांतच असतं आणि माणसाच्या उद्योगाने गाळात फारसं वाढत नाही, त्यामुळे गाळ किती बारीक आहे याचं ते माप होतं. मग तोच भागाकार संदर्भाच्या मातीशी ताडायचा. समजा, गाळात तांबे १२०, ॲल्युमिनियम ७ टक्के. वरच्या शिवारातल्या मातीत तांबे ११०, ॲल्युमिनियम ६.५ टक्के. पहिला भागाकार १७.१, दुसरा १६.९. पट निघाली १.०१. म्हणजे तांबं खडकाचंच. आता जस्त बघू: गाळात ३२०, संदर्भाला ९५. भागाकार ४५.७ आणि १४.६, पट ३.१. हे जस्त कुठून तरी आलंय. छपराचे पत्रे, टायर, सांडपाणी, काहीही असेल, पण शोधायचं ते याला. कागदावर लाल शेरा मात्र निकेलपुढे होता. या जस्तासारखाच एखादा आकडा कंपोस्टच्या मर्यादेत आरामात बसून पुढे सरकतो.

यात एक खाच आहे. ॲल्युमिनियम खऱ्या अर्थाने मोजायचं तर हायड्रोफ्लोरिक आम्लाने नमुना पूर्ण विरघळवावा लागतो. बऱ्याच लॅब आम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) पचवतात, त्यात खनिजाच्या जाळीतलं ॲल्युमिनियम निम्मंशिम्मंच निघतं. तेही चालेल, पण मग संदर्भाची मातीसुद्धा त्याच पद्धतीने, त्याच लॅबमध्ये, शक्यतो त्याच दिवशी पचवलेली हवी. गाळ एका लॅबला आणि संदर्भ पुस्तकातून, हे चालत नाही. संदर्भासाठी सर्वांत उत्तम माती त्याच चरात सगळ्यात खाली मिळते, तळं नवीन असतानाचा राखाडी थर. ती मिळाली नाही तर नाल्याच्या वरच्या अंगाची, वस्तीच्या आधीची.

पाण्यात सुटतं किती

गाळात आहे म्हणजे पाण्यात सुटतंच, असं नाही. त्यासाठी समुद्रवाल्यांची साधी चाचणी आहे. आकारमानाने १ भाग गाळ आणि ४ भाग त्या जागेचं पाणी, अर्धा तास ढवळायचं, एक तास निवळू द्यायचं, वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून तपासायचं. बार्जचं पोट उघडल्यावर पाण्याला काय भेटेल, त्याची ही छोटी नक्कल. यात बऱ्याचदा धातू नाही, अमोनिया वर येतो. शहरी तळ्याच्या गाळात तर हमखास.

त्यापुढची पायरी जीवांची. समुद्री गाळासाठी तांदळाच्या दाण्याएवढे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले जीव दहा दिवस त्या गाळात ठेवतात आणि किती जगले ते मोजतात. शंखशिंपले आणि चिखलातले समुद्री किडे २८ दिवस ठेवून त्यांच्या अंगात काय साचलं तेही बघतात. इथेही अमोनियाचा घोळ होतो. जीव मेले ते अमोनियाने, दोष धातूंवर. म्हणून चाचणीच्या आधी आणि चालू असताना अमोनिया मोजत राहावा लागतो.

रानासाठी हे जीव उपयोगाचे नाहीत. पर्याय मात्र हाताशी आहेत. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळं घ्यायची. एका डब्याचे दोन भाग करायचे, एकात गाळ, एकात स्वच्छ माती, ओल दोन्हीकडे सारखी. मधला पडदा काढून सीमेवर १० गांडुळं सोडायची, ४८ तासांनी पडदा परत घालून मोजायची. असे पाच डबे. ८० टक्क्यांहून जास्त गांडुळं स्वच्छ मातीकडे पळाली तर गाळात काहीतरी त्यांना नको ते आहे. गाळ आणि माती यांच्या पोतात फार फरक असेल तर मात्र गांडूळ पोतावरूनही पळतं, तेवढं ध्यानात ठेवावं.

उगवणीची चाचणी त्याहून सोपी. चार-चार कुंड्या, प्रत्येकीत २५ बिया. पण बी ज्वारीचं घेऊ नका. ज्वारी सोशिक, क्षार बऱ्यापैकी सहन करते, आणि ‘ज्वारी उगवली की’ म्हणून गाळ पास होतो. हरभरा घ्या. त्याला मीठ सहन होत नाही, तो लगेच सांगतो.

दोन बरण्या

समुद्रात टाकलेला गाळ कुठे जातो हे समजायला घरातल्या दोन बरण्या पुरतात. दोन्हींत एक-एक लिटर आरओचं पाणी. एकीत ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं खारट. दोन्हींत चमचाभर काळी माती, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. खारट बरणीत थोड्याच वेळात मातीचे पुंजके दिसायला लागतात, तळाशी साय धरते आणि वरचं पाणी निवळतं. गोड्या पाण्याची बरणी दुसऱ्या दिवशीही चहासारखी गढूळ. बोअरचं पाणी घेऊन हा प्रयोग फसतो, कारण आपल्या बोअरला कॅल्शियम इतकं असतं की त्या पाण्यातही माती पुंजके होऊन खाली बसते.

आकड्यांत सांगायचं तर २० मायक्रॉनचा एक सुटा कण सेकंदाला ०.३५ मिलिमीटर खाली जातो. वीस मीटर खोल पाणी उतरायला त्याला १६ तास लागतील. २ मायक्रॉनची चिकण सुटी राहिली तर दोन महिन्यांहून जास्त. पण खाऱ्या पाण्यात ती सुटी राहतच नाही, पुंजक्यांनी उतरते. शिवाय हॉपरचे दरवाजे उघडल्यावर बहुतेक माल एकगठ्ठा, पाण्यालाही बरोबर ओढत खाली कोसळतो, तळावर आदळून पसरतो. पाण्यात तरंगत मागे राहतो तो थोडा, साधारण शेकडा एक ते पाच. वरून दिसणारा गढूळ पट्टा मोठा वाटतो, गाळ बराचसा खाली गेलेला असतो.

तळावर गेल्यावर खरी निवड: टिकणारी जागा हवी की पांगवणारी? स्वच्छ रेती असेल तर पांगू द्या, किनाऱ्याला परत मिळेल. मध्यम खराब गाळ असेल तर शांत, खोल जागा, जिथून तो हलणार नाही. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटर हलते, आणि पावसाळ्यात लाटा उथळ तळ ढवळून काढतात. जानेवारीत शांत दिसलेली जागा जुलैत तशी राहत नाही. टाकलेला गाळ फिरून परत खोदलेल्या मार्गातच आला तर तोच माल दरवर्षी उपसत बसायचं. हे तपासायला भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्या बंदरांत स्कँडियम-४६ घातलेली काचेची बारीक भुकटी तळावर सोडून तिचा माग काढलाय. त्याचं अर्धायुष्य ८४ दिवस, त्यामुळे काही महिने दिसतं आणि मग आपोआप संपतं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात याच प्रश्नांची प्रारूपं चालवतात.

आणि तिथे कोण काय करतं ते बघावं लागतं. प्रवाहात तोंड करून बांधलेली डोल जाळी त्याच प्रवाहाने भरतात, ज्याने गाळ वाहतो. बोंबलाऐवजी चिखल आला तर कोळ्यांना लॅबचा रिपोर्ट दाखवून उपयोग नाही. तळातले जीव पाच-दहा सेंटिमीटरच्या थरातून बहुधा वर येतात, मीटरभर ढिगाखाली मरतात. म्हणून एका जागी ढीग करण्याऐवजी ठरवलेल्या चौकटीत जागा बदलत टाकायचं, आणि मधूनमधून खोली मोजायची.

रानात गणित उलटं होतं

समुद्राच्या तळातल्या चिखलात, वरचा पातळ थर सोडला तर, ऑक्सिजन जवळपास नाही. तिथे काळा गाळ काळाच राहतो आणि सल्फाइड आपल्या मुठीत जस्त, शिसं, कॅडमियम धरून बसतं. सल्फाइड जास्त आणि धातू कमी असतील तर धातू जवळपास कुलपात. तोच गाळ रानात पसरला की कुलूप उघडतं: सल्फाइड जळून सल्फेट होतं, आम्ल सुटतं, धातू मोकळे होतात. म्हणून समुद्रासाठी पास झालेला गाळ शेतासाठी पास झाला असं मानू नये.

सोलापूरचं नशीब असं की इथल्या मातीत चुना आहे. एक टक्का गंधकातून येणारं आम्ल मारायला टनामागे साधारण ३१ किलो चुनखडी लागते. पाच टक्के चुनखडीच्या मातीत टनामागे ५० किलो आहेच. आम्ल जागच्या जागी मरतं, पीएच आठच्या आसपास राहतो, बहुतेक धातू परत बसतात. कोकणात जांभ्या मातीवर हा आधार नाही, तिथे हाच खाडीचा गाळ रान जाळू शकतो.

आपला धोका दुसरा, मिठाचा. समुद्रात टाकताना क्षार कुणी मोजतसुद्धा नाही. इथे पहिला आकडा तोच. चादरी-टॉवेलच्या रंगखान्यात रिॲक्टिव्ह रंग सुताला धरायला लिटरमागे ३० ते ८० ग्रॅम मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात, आणि ते जवळजवळ सगळं पाण्याबरोबर बाहेर जातं. असं पाणी ज्या नाल्याला मिळतं त्याच्या खालच्या तळ्याचा गाळ रंगाने स्वच्छ दिसला तरी सोडियमने भरलेला असू शकतो. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) १ च्या आत असेल तर चालेल, १ ते २ मध्ये उगवण अडखळते, २ च्या वर नाजूक पिकं तग धरत नाहीत. सोडियमसाठी पुस्तकात विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमची १५ टक्क्यांची रेघ असते. आमच्या चिकण मातीत त्याच्या बऱ्याच आधी चोपण होते. पाणी वर तुंबतं, वाळल्यावर ढेकळं दगडासारखी. तो गाळ एकदा पसरला की परत गोळा करता येत नाही, मग जिप्सम आणि निचऱ्याचे चर यांवर वर्षं जातात.

जमिनीचाही विचार करावा. उथळ, मुरमाड रानात दहा सेंटिमीटर गाळ म्हणजे सोनं, ओल धरते. आधीच दीड मीटर काळी असलेल्या रानात तोच गाळ निचरा मारतो. माप असं: एका एकरावर ५ सेंटिमीटर थर म्हणजे २०२ घनमीटर, सुमारे ७२ ब्रास, १० सेंटिमीटरला १४३ ब्रास. पाच ब्रासचा हायवा धरला तर पंधरा आणि एकोणतीस खेपा. ओला गाळ वाळून आक्रसतो, त्यामुळे ट्रकवर मोजलेला थर रानात पातळ निघतो. धातूंचा हिशेबही यातूनच. जस्त ३०० चा गाळ ५ सेंटिमीटर, १०० च्या १५ सेंटिमीटर मातीत नांगरून मिसळला तर मिश्रण १५० होतं. दुसऱ्या वर्षी परत टाकायचा असेल तर १०० पासून नाही, १५० पासून मोजायचं.

सांडपाण्याचा नाला मिळणाऱ्या तळ्याचा गाळ जंतांच्या अंड्यांमुळे भाजीपाल्यात ताजा टाकू नये. पातळ पसरून, परतत, एक उन्हाळा कडक वाळू द्यावा, मग कडधान्य किंवा चाऱ्याला. वीटभट्टीला द्यायचा तर नुसती काळी चिकण भाजताना तडकते, राख मिसळावी लागते, आणि फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राची राख जवळच आहे. पारा असलेला गाळ मात्र भट्टीत घालू नये, तो धुरातून बाहेर पडतो.

आधी लिहून ठेवायचं

या सगळ्यातून समुद्रवाले एक वाक्य काढतात आणि टाकायच्या आधी लिहून ठेवतात. ते खोटं ठरू शकेल असंच लिहायचं. ‘पर्यावरणावर विशेष परिणाम होणार नाही’ हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, म्हणून ते फुकट. ‘टाकल्यानंतर दोन तासांनी, दोन किलोमीटरवर, पाण्याचा गढूळपणा त्या ऋतूच्या नेहमीच्या पातळीवर आलेला असेल’ हे तपासता येतं. त्यासाठी नेहमीची पातळी आधी मोजलेली हवी, तीही हिवाळ्यात वेगळी आणि पावसाळ्यात वेगळी.

रानासाठी तेच असं लिहिता येईल: पहिल्या पावसाळ्यानंतर ० ते १५ सेंटिमीटर थरातला ईसी १ च्या आत, हरभऱ्याची उगवण गाळ न टाकलेल्या पट्ट्याच्या ९० टक्क्यांच्या खाली नाही, आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्यातला ईसी आधीच्या मोजणीहून वाढलेला नाही. म्हणजे रानात एक पट्टा गाळाविना सोडायला हवा, बांधापासून बांधापर्यंत, चार-पाच मीटर रुंद. लोक हाच सोडत नाहीत, सगळं रान एकदम झाकतात आणि मग पीक चांगलं आलं ते गाळाने की पावसाने हे कुणाला सांगता येत नाही.

विहिरीचा नमुना मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. मातीचा नमुना गाळ टाकायच्या आधी, आणि मग परतीचा पाऊस थांबून वाफसा आल्यावर, दोन्ही वेळा त्याच खुणेच्या दगडापासून मोजलेल्या अंतरावर. डब्यावर तारीख, खोली आणि थर लिहायचा तो पेन्सिलीने, चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मार्करची शाई ओल्या गाळाने पुसून जाते.